नियंत्रण गटच सरस ठरला तेव्हा : बाह्यकर्णाचे विद्युत उत्तेजन आणि जुनाट अर्धशिशीची म्युनिक चाचणी

जर्मनीतील म्युनिक येथील लुडविग माक्सिमिलियान विद्यापीठात मज्जाविकारतज्ज्ञ आंद्रेआस श्ट्राउबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट अर्धशिशीच्या ४६ रुग्णांवर एक चाचणी केली, आणि तिचे निष्कर्ष २०१५ साली 'जर्नल ऑफ हेडेक अँड पेन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. डाव्या कानाच्या आतल्या खोलगट भागावर सौम्य विद्युत स्पंद दिल्यास डोकेदुखीचे दिवस कमी होतात का, हे त्यांना तपासायचे होते. एका गटाला उपचार म्हणून २५ हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला २५ स्पंदांचे उत्तेजन देण्यात आले आणि दुसऱ्या गटाला केवळ तुलनेसाठी १ हर्ट्झचे. तीन महिन्यांनी हिशेब मांडला तेव्हा ज्याच्याकडून परिणामाची फारशी अपेक्षा नव्हती, तो तुलनेचा, म्हणजे नियंत्रण गटच पुढे असल्याचे दिसले. या चाचणीचा निष्कर्ष पुढे बरेचदा 'कानाचे १ हर्ट्झ उत्तेजन अर्धशिशीवर गुणकारी आहे' अशा एका वाक्यात सांगितला गेला. त्या वाक्याला चाचणीचा खरोखर किती आधार आहे, हे या प्रकरणात तपशिलाने पाहायचे आहे.

रुग्ण कोण होते

महिन्यातून १५ किंवा त्याहून अधिक दिवस डोके दुखत असेल, त्यांपैकी किमान ८ दिवस दुखण्याला अर्धशिशीची लक्षणे असतील आणि हे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले असेल, तर त्या आजाराला जुनाट अर्धशिशी म्हणतात. या व्याख्येतले आकडे कागदावर कोरडे दिसतात. प्रत्यक्षात त्यांचा अर्थ असा की माणसाचा अर्धा महिना पडदे ओढलेल्या खोलीत, उजेड, आवाज आणि फोडणीचा वास चुकवत जातो, आणि उरलेला अर्धा पुढचा झटका कधी येईल या धास्तीत. टोपिरामेट, प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलीन ही प्रतिबंधक औषधे अनेकांना उपयोगी पडतात. पण सुस्ती, वजनातला बदल, नेमका शब्द न आठवणे अशा त्रासांमुळे ती सोडून देणारेही पुष्कळ असतात. त्यातच वेदनाशामक गोळ्यांचा एक पेच आहे. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ दिवस किंवा अर्धशिशीचा झटका थांबवण्यासाठीच्या ट्रिप्टान गटातल्या गोळ्या महिन्यातून १० दिवस नियमित घेतल्या, तर त्या गोळ्याच नव्या डोकेदुखीला कारण होऊ शकतात. म्हणून रक्तात काहीही न मिसळता, घरी बसून, स्वतःच्या हाताने करता येईल असा उपचार या रुग्णांना हवा असतो. ही गरज अगदी खरी आहे, आणि तिच्यामुळेच अशा उपचाराची परीक्षा अधिक कडक असायला हवी.

कानच का

कान आणि वेदना यांचा संबंध जोडणारा विचार नवा नाही. फ्रान्समधील लिऑं येथील पॉल नोजिए या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात बाह्यकर्णावर साऱ्या शरीराचा, उलट्या गर्भाच्या आकाराचा नकाशा मांडला आणि त्यातून कर्ण-ॲक्युपंक्चरची आधुनिक परंपरा सुरू झाली. म्युनिकच्या चाचणीचा आधार मात्र तो नकाशा नव्हता. तिचा आधार होता शरीररचनाशास्त्रातली एक साधी, विच्छेदनाने दाखवता येणारी गोष्ट.

कानाच्या छिद्रामागे वाटीसारखा खोलगट भाग असतो, आणि त्याच्या वरच्या अर्ध्या भागात बोटाचे टोक जेमतेम मावेल अशी एक अरुंद खाच असते. पॉइकर आणि फिलर यांनी २००२ साली ७ मृतदेहांच्या कानांचे विच्छेदन करून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या वरच्या खाचेला प्रत्येक कानात केवळ व्हेगस मज्जातंतूच्या शाखेकडूनच संवेदना मिळत असल्याचे आढळले. व्हेगस म्हणजे मेंदूच्या तळापासून निघून हृदय, फुप्फुसे आणि आतड्यांपर्यंत पोहोचणारा लांबलचक मज्जातंतू. त्याची त्वचेपर्यंत येणारी शाखा कानातच सापडते. कानातला मळ काढताना काही जणांना अचानक खोकल्याची ढास लागते, ती याच शाखेमुळे. उलट, आपल्याकडे बाळाचे कान टोचताना जी मऊ पाळी टोचतात तिला संवेदना मिळते ती मानेतून येणाऱ्या दुसऱ्याच मज्जातंतूकडून. त्यामुळेच कानाच्या विद्युत उत्तेजनाच्या अनेक अभ्यासांत पाळी ही 'खोट्या' उपचाराची जागा म्हणून वापरली जाते.

कानातल्या या शाखेचे संदेश मेंदूच्या खोडातील दोन केंद्रांकडे जातात. एक केंद्र व्हेगसचे स्वतःचे. दुसरे ट्रायजेमिनल मज्जातंतूचे, जिथे चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या वेदनेचे संदेशही येऊन मिळतात. अर्धशिशीच्या दृष्टीने हे दुसरे केंद्र विशेष महत्त्वाचे आहे. फ्रँगोस आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली १२ निरोगी व्यक्तींच्या मेंदूचे एफएमआरआय चित्रण करून, कानाच्या वरच्या खाचेला उत्तेजन दिल्यावर मेंदूच्या खोडातील व्हेगसचे केंद्र पाळीला उत्तेजन दिल्यापेक्षा अधिक सक्रिय होते, असे दाखवले. म्हणजे कानाच्या त्वचेवरून मेंदूच्या खोडापर्यंत वाट आहे, एवढे मान्य करायला हरकत नाही. त्या वाटेने गेलेला संदेश दुखणे कमी करतो का, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

यंत्र आणि चाचणीची आखणी

चाचणीत वापरलेले 'नेमोस' हे यंत्र एर्लांगेन येथील सर्बोमेड या कंपनीचे होते. हातात मावणारी बॅटरीची पेटी, तिच्यातून निघालेली बारीक वायर आणि वायरीच्या टोकाला कानात बसवायची, इअरफोनसारखी दिसणारी चौकट, असे त्याचे रूप. चौकटीवर दोन छोटे इलेक्ट्रोड असतात आणि ते कानाच्या खोलगट भागातील त्वचेला टेकतात. रुग्णाने प्रवाह हळूहळू वाढवायचा आणि मुंग्या स्पष्ट जाणवतील पण दुखणार नाही, अशा पातळीवर थांबायचे. प्रत्येक स्पंद २५० मायक्रोसेकंदांचा. ३० सेकंद उत्तेजन, ३० सेकंद विराम, असा क्रम. आणि हे सारे दिवसाकाठी एकूण ४ तास, तीन महिने. नोकरी आणि घर सांभाळून रोज ४ तास कानात वायर वागवणे ही सोपी गोष्ट नाही. ४६ पैकी ४० जणांनी चाचणी पूर्ण केली, यावरून हे रुग्ण सुटकेसाठी किती कष्ट घ्यायला तयार होते, ते समजते.

२५ हर्ट्झचा आकडा अपस्मारावरच्या उपचारातून आला होता. मानेतील व्हेगसभोवती शस्त्रक्रियेने इलेक्ट्रोड बसवून अपस्माराचे झटके कमी करण्याचा उपचार अमेरिकेत १९९७ पासून मान्यताप्राप्त आहे, आणि त्यात साधारण २० ते ३० हर्ट्झचे स्पंद वापरतात. तोच पल्ला कानासाठी उचलला गेला. अडचण होती तुलनेच्या गटाची. गोळीच्या चाचणीत हुबेहूब तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी देता येते. कानात मुंग्या आणणाऱ्या यंत्राच्या बाबतीत प्रवाहच बंद ठेवला, तर आपल्याला खरा उपचार मिळत नाही हे रुग्णाला पहिल्याच दिवशी कळते. म्हणून त्याच जागी, तशाच मुंग्या येतील असे, पण अगदी संथ असे १ हर्ट्झचे उत्तेजन तुलनेसाठी निवडण्यात आले. कोणाला काय मिळते हे रुग्णांना आणि निकाल नोंदवणाऱ्यांना कळू न देता रुग्णांची यादृच्छिक विभागणी झाली.

इथे थोडा हिशेब केला तर दोन्ही गटांतला फरक डोळ्यांपुढे येतो. ४ तासांपैकी विराम वगळता प्रत्यक्ष उत्तेजनाचे ७,२०० सेकंद उरतात. १ हर्ट्झच्या रुग्णाच्या कानाला दिवसाला ७,२०० स्पंद मिळाले, २५ हर्ट्झच्या रुग्णाच्या कानाला १,८०,०००. उपचाराची मात्रा जितकी जास्त तितका गुण जास्त, असा सरळ संबंध असता तर निकाल कोणत्या बाजूने लागायला हवा होता, ते उघड आहे.

निकाल

चाचणी पूर्ण केलेल्या रुग्णांत २५ हर्ट्झच्या गटात २८ दिवसांतील डोकेदुखीचे दिवस सरासरी ३.३ ने कमी झाले आणि १ हर्ट्झच्या गटात ७.० ने. हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकला. ज्यांची डोकेदुखी निम्मी किंवा त्याहून कमी झाली, अशा रुग्णांचे प्रमाण १ हर्ट्झच्या गटात २९.४ टक्के आणि २५ हर्ट्झच्या गटात १३.३ टक्के होते. गंभीर स्वरूपाचा दुष्परिणाम कोणालाही झाला नाही. तक्रारी होत्या त्या इलेक्ट्रोडच्या जागी दुखणे, खाज, लाली आणि क्वचित त्वचेला पडलेला लहानसा व्रण वा खपली, अशा.

याच चाचणीतला आणखी एक निकाल फारसा कोणी सांगत नाही. डोकेदुखीमुळे रोजच्या जगण्यात किती अडथळा येतो, हे मोजणाऱ्या एचआयटी-६ आणि मायडास या दोन प्रश्नावल्याही रुग्णांनी भरल्या होत्या. त्यांत दोन्ही गटांत सुधारणा दिसली, पण गटागटांत फरक दिसला नाही. म्हणजे रोजनिशीतल्या दिवसांच्या मोजणीत १ हर्ट्झ पुढे होते. 'तुमचे जगणे किती सुधारले' या प्रश्नावर मात्र दोन्ही गटांचे उत्तर सारखेच आले.

या निकालाचे वाचन

चाचणी काटेकोर झाली होती आणि संशोधकांनी अपेक्षेविरुद्धचा निकाल लपवला नाही, ही गोष्ट मी मोठी मानतो. चाचणी पुरस्कृत करणाऱ्या कंपनीने बनवलेल्या यंत्राची मुख्य सेटिंग त्या निकालात मागे पडत होती, हे लक्षात घेता विशेषच. पण या चाचणीतून एकच गोष्ट थेट सिद्ध होते : या रुग्णांत, तीन महिन्यांत, १ हर्ट्झचा गट २५ हर्ट्झच्या गटापेक्षा बरा राहिला. काहीही उपचार न मिळालेला तिसरा गट नसल्यामुळे १ हर्ट्झने गुण आला, की २५ हर्ट्झने नेहमी होणारी सुधारणाही रोखून धरली, की सात दिवसांची घट कोणत्याही लक्षपूर्वक दिलेल्या उपचाराने झालीच असती, हे चाचणी सांगू शकत नाही.

शेवटची शक्यता किती खरी वाटावी, याचा अंदाज दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासावरून येतो. जुनाट अर्धशिशीवर बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने तपासणाऱ्या 'प्रीएम्प्ट' या चाचण्यांत मिळून १,३८४ रुग्ण होते. २४ आठवड्यांनी २८ दिवसांतील डोकेदुखीचे दिवस औषधाच्या गटात ८.४ ने कमी झाले आणि नुसत्या मिठाच्या पाण्याची इंजेक्शने घेतलेल्या गटात ६.६ ने. दोन वेगळ्या चाचण्यांचे आकडे शेजारी ठेवताना सावध राहावे लागते. रुग्ण वेगळे, कालावधी वेगळा, उपचाराचा विधीही वेगळा. तरीही म्युनिकच्या १ हर्ट्झ गटातली ७.० ची घट ही प्रीएम्प्टमधल्या मिठाच्या पाण्याच्या गटातील घटीच्या अगदी जवळची आहे, हे नजरेआड करता येत नाही. माणसे चाचणीत नाव नोंदवतात ती बहुधा आजार सर्वांत जोरात असताना, आणि जोरात असलेला आजार पुढच्या काही महिन्यांत आपोआपही थोडा उतरतो. त्यात रोजनिशी लिहिणे, नियमित भेटी, विचारपूस आणि कानात सतत जाणवणारे यंत्र यांची भर पडते. प्लासिबोचा, म्हणजे खोट्या उपचारानेही दिसणारा परिणाम म्हणजे रुग्णाचे दुखणे खोटे होते, असा अर्थ कोणी काढू नये. दुखणेही खरे असते आणि मिळालेला आरामही. प्रश्न फक्त एवढाच असतो की तो आराम त्या विशिष्ट स्पंदांमुळे मिळाला का.

दुसऱ्या बाजूलाही वजन आहे. या शोधनिबंधाचे एक लेखक येन्स एलरिख यांनी पूर्वी केलेल्या प्रयोगांत त्वचेला १ हर्ट्झच्या गतीने सुमारे २० मिनिटे विद्युत स्पंद दिले की तिथल्या वेदनेच्या संदेशांना मज्जासंस्था देत असलेला प्रतिसाद बराच काळ मंदावतो, असे दिसले होते. मज्जापेशींमधील जोड संथ उत्तेजनाने दुबळे होणे ही प्रक्रिया मज्जाविज्ञानात चांगली परिचित आहे. त्या दृष्टीने १ हर्ट्झ हा निष्क्रिय तुलनागट नसून नकळत निवडलेला दुसरा उपचारच होता, असे म्हणता येते, आणि हे स्पष्टीकरण आकर्षक आहे. माझी शंका एका मुद्द्यावर आहे. त्या प्रयोगांतले उत्तेजन दुखेल इतके तीव्र होते, कारण वेदना वाहणारे बारीक तंतूच जागे करायचे होते. म्युनिकमध्ये रुग्णांना दुखण्याच्या आत थांबायला सांगितले होते. मुंग्या वाहणारे तंतू आणि वेदना वाहणारे तंतू वेगळे असल्याने एका परिस्थितीतली यंत्रणा दुसरीत जशीच्या तशी लागू होईल, असे गृहीत धरता येत नाही.

२५ आणि १ हर्ट्झ यांची हीच जोडी अपस्माराच्या ७६ रुग्णांवरील एका चाचणीतही वापरली गेली आणि तिचे निष्कर्ष २०१६ साली आले. तिथे कल उलटा होता : २५ हर्ट्झच्या गटात झटके सरासरी २३.४ टक्क्यांनी कमी झाले, १ हर्ट्झच्या गटात जवळजवळ फरक पडला नाही. मात्र दोन गटांतील हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकला नाही. आजार वेगळा असल्याने या दोन निकालांत विरोध असेलच असे नाही. पण लहान चाचण्यांत कल कोणत्या बाजूला झुकतो यावर फार मोठी इमारत उभी करू नये, एवढे तरी त्यातून घ्यावे. म्युनिकमध्ये शेवटपर्यंत राहिलेले रुग्ण ४० होते. एका गटातल्या दोन-तीन रुग्णांचे महिने वेगळे गेले असते तर टक्केवारी बरीच हलली असती.

नंतर काय झाले

म्युनिकच्या निकालानंतर अर्धशिशीच्या अभ्यासांत १ हर्ट्झ ही गंभीरपणे तपासायची गती ठरली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चिनी अभ्यासात ७० रुग्ण घेतले गेले आणि ५९ जणांनी तो पूर्ण केला. चार आठवड्यांत खऱ्या गटाला कानाच्या व्हेगसच्या जागी १ हर्ट्झचे उत्तेजन आणि खोट्या गटाला कानाच्याच दुसऱ्या जागी उत्तेजन देण्यात आले. खऱ्या गटात अर्धशिशीचे दिवस आणि वेदनेची तीव्रता अधिक कमी झाली. इथे गती तीच ठेवून जागा बदलल्यामुळे म्युनिकपेक्षा प्रश्न अधिक नेमका विचारला गेला, असे मला वाटते. तरी चार आठवडे हा काळ अर्धशिशीसारख्या चढउतारांच्या आजारासाठी थोडा आहे. शिवाय बोस्टनमध्ये स्क्लोको आणि सहकाऱ्यांनी २०२० साली निरोगी व्यक्तींमध्ये २, १०, २५ आणि १०० हर्ट्झची तुलना केली, तेव्हा मेंदूच्या खोडातील व्हेगस केंद्राचा सर्वांत ठळक प्रतिसाद १०० हर्ट्झला मिळाला. व्हेगसचे केंद्र जितके अधिक जागे तितके दुखणे कमी, हे समीकरण धरले तर १ हर्ट्झचे यश समजत नाही. कदाचित अर्धशिशीत कामी येते ते ट्रायजेमिनलचे केंद्र असेल. कदाचित मेंदूच्या चित्रातील झळाळी आणि रुग्णाचा आराम यांचा संबंध आपण मानतो तितका सरळ नसेल.

खोटा उपचार नीट आखला तर काय साधते, याचे उदाहरण अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये मिळाले. कोवाचिच आणि सहकाऱ्यांनी ११ ते १८ वर्षे वयाच्या, वारंवार पोट दुखणाऱ्या ११५ मुलामुलींवर केलेली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात कानात बारीक सुया टोचून बसवलेले यंत्र आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे ठेवले होते. खोट्या गटाला अगदी तेच यंत्र, त्याच सुया होत्या. फक्त विद्युत प्रवाह नव्हता. तीन आठवड्यांनी सर्वाधिक वेदनेचा मध्यांक खऱ्या गटात १० पैकी ८ वरून ५ वर आला, खोट्या गटात ७.५ वरून ७ वर. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये या वयोगटासाठी या यंत्राला परवानगी दिली. आजार वेगळा, वय वेगळे, सुया त्वचेच्या आत. त्यामुळे हा पुरावा अर्धशिशीच्या खात्यावर जमा करता येत नाही. पण 'प्रवाहाने काही होते का' हा प्रश्न तिथे थेट विचारता आला, आणि म्युनिकमध्ये तोच विचारायचा राहून गेला होता.

रुग्णाने आणि डॉक्टरांनी यातून काय घ्यावे

व्हेगस उत्तेजनाची म्हणून कानात लावायची यंत्रे आता ऑनलाइन सहज मिळतात, आणि फिजिओथेरपीत वापरल्या जाणाऱ्या टेन्स यंत्राला कानाचा चिमटा जोडून घरच्या घरी प्रयोग करणारेही आहेत. अशा यंत्राच्या जाहिरातीत म्युनिकचा दाखला दिसला तर दोन गोष्टी तपासाव्यात : यंत्राची गती किती आहे, आणि इलेक्ट्रोड कानात नेमका कुठे टेकतो. २५ हर्ट्झचे यंत्र विकताना ७ दिवसांच्या घटीचा आकडा दाखवणे ही दिशाभूल आहे, कारण तो आकडा १ हर्ट्झचा होता. पाळीला लावायचा चिमटा व्हेगसपर्यंत पोहोचतच नाही. पेसमेकर बसवलेल्या, हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या किंवा गर्भवती व्यक्तींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे यंत्र लावू नये. आणि चालू असलेली प्रतिबंधक औषधे यंत्राच्या भरवशावर परस्पर बंद करू नयेत. डोकेदुखीची रोजनिशी मात्र यंत्र लावण्याच्या किमान महिनाभर आधीपासून लिहायला सुरुवात करावी, म्हणजे नंतरची तुलना आठवणीवर सोडावी लागत नाही.

चाचणी नव्याने करायची झाली तर तिच्यात किमान तीन गट लागतील : कानाच्या वरच्या खाचेत १ हर्ट्झ, त्याच खाचेत २५ हर्ट्झ आणि पाळीवर १ हर्ट्झ, मुंग्या तिन्ही गटांत सारख्या जाणवतील इतका प्रवाह, शेकड्याने रुग्ण, आणि किमान सहा महिन्यांचा पाठपुरावा. दर महिन्याला रुग्णांना आपण कोणत्या गटात आहोत असे वाटते तेही विचारून लिहून ठेवावे लागेल, कारण सेकंदाला एक ठोका आणि सलग गुणगुण यांतला फरक कानाला कळतो आणि त्यावरून माणूस आपले अंदाज बांधतो. यांपैकी पाळीवरच्या १ हर्ट्झचा गट खर्चाच्या कारणाने वगळला, तर रुग्णांनी पुन्हा महिनोन्‌महिने रोज चार तास दिल्यावरही म्युनिकचा प्रश्न होता तिथेच राहील.